एक में दो

नोव्हेंबर लागला की सेलूच्या बँकेपुढं
आम्ही सगळे, जिवंत आहोत हे सांगायला येतो.

मी उपकोषागारातला माणूस.
तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या म्हातारपणावर
लाल शाईनं टिचक्या मारल्या.
अर्हताकारी सेवा, अंतिम वेतन, अंशराशीकरण,
हे शब्द आरतीसारखे पाठ होते,
अर्थ आता रांगेत कळायलेत.

सगळ्यात पुढं दहिफळे गुरुजी.
मफलर, काठी, कानात मशीन.
पहिला पगार एकशे पस्तीस;
आता पेन्शनच त्याच्या तीनशेपट.
"ऐंशी लागली, आणखी वाढलं," म्हणतात
आणि लगेच आवाज खाली आणतात.
मागं केराबाई उभी आहे.

केराबाईचे पंधराशे,
तेही दिवाळीपासून आले नाहीत.
ती अंगठा ठेवते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते.
लोकांची भांडी राखेनं घासता घासता
रेषाच गेल्या.
मशीन म्हणतं, ही बाई ती नाही.
"मंग कोन हाय म्हनावं मी?"
काउंटरवरची पोरगी तिच्या बोटाला व्हॅसलीन चोळते.
नवव्या खेपेला हिरवा दिवा लागतो,
अख्खी रांग हुश्श करते, गुरुजींसुद्धा.

प्रयागबाईंचे मालक तहसीलला नाझर होते.
ते गेले, सोबत पेन्शनचा मोठा तुकडा गेला.
"लाइटबिल काय अर्धं येतंय का रे आता?"
मला विचारतात, जणू नियम मीच केला.

आणि माझा जावई.
गुरुजींच्याच शाळेत, त्याच फळ्यावर तेच पाढे,
फक्त पाच सालानंतर लागला.
त्याचं म्हातारपण बाजारात लावलेलं आहे.
सकाळी उठून मोबाइलमध्ये बघतो, चढलं का पडलं,
मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारावा तसं.

खाजामियाँ मात्र रांगेत नसतो.
भिंतीला टेकून पासबुकाची वाट बघतो.
आम्ही एका बाकावरचे, गणितात दोघंही काठावर.
तो सूतगिरणीत लागला, मी सहा महिन्यांनी सरकारात.
त्याला माझ्याहून ऐंशी रुपये जास्त.
दर पाच तारखेला स्टेशन रोडला
चहा तोच पाजायचा, वर खारी.
"तेरा सरकार भूका है रे," म्हणायचा.

भोंगा थांबून बावीस वर्षं झाली.
त्याचे कागद माझ्या टेबलावर कधी आले नाहीत,
ते दुसऱ्या खात्याचे.
तरी आकडा मला ठाऊक आहे : अकराशे सत्तर.
पहिल्या महिन्याला अकराशे सत्तर.
परवा, अकराशे सत्तर.
पासबुकात एकाखाली एक
कवायतीला उभे केल्यासारखे.
आधी त्यात पोतंभर गहू यायचा
आणि तेल, आणि नातीला फ्रॉक.
आता बीपीची गोळी आणि रिक्षा,
येतानाची.
जाताना तो पायी जातो.

माझं जानेवारीत वाढतं, जुलैत वाढतं.
दिल्लीत कुणीतरी बसून तेलाचा भाव मोजतं
आणि इथं माझ्या खात्यात तो पोचतो.
ज्या दुकानात मी तेल घेतो
तिथंच, त्याच पिंपातलं
खाजामियाँ घेतो.
त्याच्यासाठी कुणी मोजत नाही.

हे मी त्याला एकदा समजावून सांगायला गेलो,
कागदावर, तक्ता आखून.
त्यानं कागदाची घडी घालून
सायकलच्या सीटखाली कोंबली. "हलती थी," म्हणाला.

काम झालं. टपरीवर मी पन्नासाची नोट काढली.
त्यानं मनगट धरलं.
"हिशेब मत लगा साहब,"
आणि पोऱ्याला दोन बोटं दाखवली :
"एक में दो."

पोऱ्यानं एक चहा दोन कपांत ओतला.
माझ्याकडं बोटभर जास्त आला.
कप बदलावे म्हणून मी हात पुढं केला,
तोवर तो पिऊन मोकळा,
खिशातून एक-एकची नाणी काढून
बाकड्यावर मांडत होता,
मोठ्यानं मोजत,
ओठांवर साय तशीच.